मोरीची फरशी

"आधी चप्पल काढा."

दुकानात पाऊल टाकणाऱ्या प्रत्येकाला ती हे पहिलं वाक्य ऐकवायची. कन्नडमध्ये, हिंदीत, समोरचा माणूस पाहून. नमस्कार त्यानंतर, आणि घर केवढं, खर्च किती करणार हे प्रश्न त्याच्याही नंतर. माणूस गोंधळून आधी स्वतःच्या पायांकडे बघायचा, मग तिच्याकडे. काउंटरमागे देवाची तसबीर होती, त्यामुळे बऱ्याच जणांना वाटायचं की कारण ते असावं. मग ती काउंटरखालून पाण्याची बाटली काढायची. दाराजवळ एक लाकडी चौकट जमिनीत बसवलेली होती, तिच्यात खडबडीत पृष्ठभागाच्या करड्या फरश्यांच्या दोन ओळी. ती थोडं पाणी चौकटीत ओतायची, थोडं शेजारच्या चकचकीत जमिनीवर. "एक पाय इथे, एक तिथे. उभे राहा." माणूस उभा राहिला की मान तिरकी करून विचारायची, "पाय काय म्हणतो?"

तुम्ही कधी घराचं काम काढलं असेल तर फरश्यांच्या दुकानात काय विचारतात ते तुम्हाला माहीत आहे. साइझ काय, रंग कोणता, किती चौरस फूट. पायाचं मत विचारणारं माणूस मी तेवढं एकच पाहिलं.

होसकोट्याकडे जाणाऱ्या रस्त्यावर अशी दुकानं ओळीने आहेत. पुढे काचेचं शोरूम, मागे पत्र्याचं गोदाम. ती त्यातल्या एका दुकानात होती. पन्नाशी ओलांडलेली, सुती साडी, साडीवर दुकानाचा निळा कोट आणि कोटाच्या खिशात एक कोरडं फडकं. दुकानातले सगळे तिला अक्का म्हणत. मालकही म्हणायचा. मीही तेच म्हणू लागलो आणि तिचं नाव विचारायचं राहून गेलं. बातमीदारीत वर्षं काढलेल्या माणसाला हे शोभत नाही, पण नोंद करायची तर ती खरी करावी.

मी गेलो त्या दिवशी माझ्या पुढे एक तरुण जोडपं होतं. मुलीच्या फोनवर कुठल्याशा बाथरूमचा फोटो होता. काळीभोर, आरशासारखी जमीन, काळ्याच भिंती. तिला अगदी तसंच हवं होतं. अक्काने फोटो दोन बोटांनी मोठा करून नीट पाहिला. "बहुत अच्छा है," ती म्हणाली. "लेकिन मॅडम, फोटो नहाता नहीं." मुलगा हसला, मुलगी हसली नाही. अक्काने बाटली काढली. पाच मिनिटांनी मुलगी चौकटीतल्या फरशीवर अनवाणी उभी होती आणि मुलगा कोपऱ्यातल्या काळ्या फरशीवरून घसरता घसरता भिंतीला धरून उभा होता. मग मुलगीही हसली.

दुसरा प्रश्न ती नवरा-बायको दोघांना मिळून विचारायची. "घरात फरशी पुसतं कोण?" या प्रश्नावर नवरे हमखास बायकोकडे बघत. बायको म्हणायची, कामाला बाई येतात. "मग त्यांना आणायचं होतं," अक्का म्हणायची. "त्यांनी सांगितलं असतं."

ती मूळची निपाणीजवळच्या एका खेड्यातली. नवऱ्याला होसकोट्याच्या कारखान्यात नोकरी लागली तेव्हा त्याच्याबरोबर आली. या दुकानात तिला घेतलं ते झाडलोटीला आणि चहाला. विक्री तिला कोणी शिकवली नाही. सात वर्षं तिने शोरूमची जमीन पुसली. तेव्हा मालक जमिनीवर निरनिराळ्या फरश्यांचे पट्टे बसवून ठेवायचा. कोणता पट्टा एका फडक्यात निघतो, कशावर चहाचा डाग राहतो, कुठे ओल्या पायाने चालताना भिंत धरावी लागते, हे तिला गुडघ्यांवर बसून कळलं. एक दिवस विक्रेता आला नव्हता आणि गिऱ्हाईक ताटकळत होतं. तिने फडकं खांद्यावर टाकलं आणि कुठल्या पट्ट्यावर कसा डाग पडतो ते त्याला सांगितलं. त्याने त्याच दिवशी सबंध घराची फरशी नक्की केली. दुसऱ्या दिवसापासून तिला कोट मिळाला.

फडकं मात्र तिने सोडलं नाही. आता ते कोटाच्या खिशात होतं.

मी तिथे गेलो त्याचं कारण माझे वडील होते.

आम्ही मल्लेश्वरममध्ये भाड्याच्या घरात राहत होतो. बाबा एका सरकारी कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. मिरजेहून नोकरीसाठी आले आणि तेव्हापासून तेच घर. जमीन लाल, ऑक्साइडची, वर्षानुवर्षं घोटून आरशासारखी झालेली. बेंगळुरूच्या जुन्या घरांत ती तुम्ही पाहिली असेल. आई गेल्यावर घरात आम्ही दोघंच उरलो. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी बाबांची मधली नजर गेली. कडेचं थोडं दिसायचं, समोरचं नाही. पण त्या घरात त्यांना काठी लागली नाही. स्वयंपाकघरापाशी जमिनीला किंचित उतार होता, बैठकीच्या दारात एक जुनी चीर होती, आणि मोरीच्या तोंडाशी टाकीचे घाव घातलेला दगड होता. बाथरूमला बाबा आयुष्यभर मोरीच म्हणत आले. पाय दगडावर पडला की ते डावीकडे वळायचे आणि कडी काढायचे.

मग घरमालकाने घर बिल्डरला द्यायचं ठरवलं. आम्हाला तीन महिने मिळाले. मी हेब्बाळला एक लहान फ्लॅट घेतला. बिल्डरने दारापासून गॅलरीपर्यंत एकच फरशी घातली होती, पांढरी आणि गुळगुळीत. बाथरूममध्येही तीच. बाबांना दाखवायला नेलं तेव्हा ते हॉलच्या मधोमध जाऊन उभे राहिले. मी खिडक्या उघडत होतो. मागून त्यांचा आवाज आला, "मी कुठे आहे?"

हा प्रश्न त्यांनी त्याआधी कधी विचारला नव्हता.

परत येताना रिक्षात ते म्हणाले, "बाकी तुला हवं ते कर. मोरीला जाताना मला कोणाचा हात लागू नये, एवढं बघ."

त्या फ्लॅटच्या कामात मी पुढे पुष्कळ निर्णय घेतले, पण अट ही एकच होती.

पहिल्या फेरीला मी एकटा गेलो होतो. अक्काने माझं सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "पाय त्यांचे आणि फरशी तुम्ही बघणार?" म्हणून दुसऱ्या फेरीला बाबांना नेलं. ते दारात थांबले. तिने कन्नडमध्ये आपलं वाक्य म्हटलं, "मोदलु चप्पली बिच्ची." बाबा माझ्याकडे वळून मराठीत पुटपुटले, "देऊळ आहे का हे?"

"देऊळ नव्हं, अण्णा," ती मराठीत म्हणाली. "फरशीचं दुकान हाय. या. पायरी न्हाई, सरळ या."

माझ्याशी तोवर ती हिंदीत बोलत आली होती. मराठी ऐकून बाबांचा चेहरा सैल झाला आणि तिचाही. निपाणी कुठे, मिरज कुठे, मधे कोणती गावं लागतात, याची उजळणी दहा मिनिटं चालली. तिचं मराठी तिकडचं होतं, मधे मधे कन्नड शब्द पेरलेलं. "स्वल्प थांबा," "सरी, सरी," म्हणजे जरा थांबा, बरं बरं, असं ती मराठी बोलतानाही म्हणायची आणि बाबाही, पन्नास वर्षं इथे काढल्यामुळे, तसंच म्हणायचे. दोघांनाही ते खटकत नव्हतं.

मग तिने अकरा फरश्या जमिनीवर ओळीने मांडल्या आणि पाणी शिंपडलं. बाबांचा हात तिने धरला नाही. त्यांच्या शेजारून चालत राहिली. बाबा एकेका फरशीवर उभे राहत आणि ती विचारत असे, "पाय काय म्हणतो?"

"काही म्हणत नाही."

"पुढं."

"ही चिकटते."

"ती दुकानातच चिकटते. घरी साबण पडला की घसरते. पुढं."

अकरा संपल्या. बाबांना एकही पसंत नव्हती. परत फिरताना त्यांचा डावा पाय दाराजवळच्या चौकटीत पडला आणि ते थांबले. दुसरा पाय उचलून शेजारी ठेवला. अंगठा पुढे-मागे घासून पाहिला.

"हा तर आपल्या मोरीचा दगड आहे," ते म्हणाले.

दगड अर्थातच नव्हता, फरशीच होती. एक फूट बाय एक फूट, करडी, वर बारीक टाकीचे घाव मारल्यासारखा पोत. तिथे आलेल्या प्रत्येक गिऱ्हाइकाला ती जिच्यावर उभं करायची, तीच. विकत मात्र फार कोणी घेत नसे. गोदामात तीन खोके उरले होते, दर खोक्यात दहा. बाथरूमला चोवीस लागत होत्या, आणखी चार बाथरूमच्या दारासमोर पॅसेजमध्ये. मी म्हणालो, पॅसेजभर हीच घालू, हॉलमध्येही घालू.

"नको," ती म्हणाली. "सगळं घर बोलायला लागलं तर पायानं कुणाचं ऐकायचं? एकच जागा बोलू दे."

त्यामुळे हॉलला विटकरी रंगाची, न चमकणारी, साधी फरशी ठरली. बाथरूमचं बाकीचंही तिनेच ठरवलं, बाबांना विचारून. कमोड पांढरा, भिंत पांढरी, वॉशबेसिन पांढरं, असं मी कागदावर लिहून नेलं होतं. "सगळं पांढरं म्हणजे दुधात खडीसाखर शोधायची की ओ," ती म्हणाली आणि कमोडमागच्या भिंतीला गडद हिरवी फरशी काढली. बाबांनी मान कडेला वळवून पाहिलं. हिरव्यापुढे पांढरं त्यांना दिसलं. नळ फिरवायचा नको, दांडीचा हवा. मनगटाने सरकला पाहिजे, कारण साबणाच्या हाताला पकड नसते. पाणी जायची जाळी दारापासून लांबच्या कोपऱ्यात हवी आणि जमिनीचा ढाळ तिकडे.

जाळीखाली जे भांडं बसवतात त्याला प्लंबर लोक नहाणी ट्रॅप म्हणतात. या शब्दावर ती थांबली. "बघा अण्णा, आपला शब्द. न्हाणी. इथला कानडी प्लंबर पण नहाणीच म्हणतो, बिहारचा आला तरी नहाणीच म्हणतो. कुणाला अर्थ ठाऊक न्हाई, पण वस्तू बरोबर आणून देतात."

बाबांना हे फार आवडलं. पुढे आठवडाभर ते येईल त्याला सांगत होते.

निघताना तिने खोक्यांबाहेर उरलेली एक सुटी करडी फरशी कागदात गुंडाळून बाबांच्या हातात दिली. "ही घरी न्या. आत्ताच्या मोरीच्या दारात, दगडाच्या आधी ठेवा. जाता-येता पाय ठेवायचा. नव्या घरी जाईस्तोवर पायाला ओळख झाली पायजे."

मल्लेश्वरमच्या त्या लाल जमिनीवर मग महिनाभर एक करडा चौकोन पडून होता. पहिल्या आठवड्यात मी दोनदा त्याला अडखळलो. बाबा एकदाही नाही.

माल पाठवायच्या दिवशी बाबा माझ्याबरोबर दुकानात होते. अक्का खोक्यांवर कुठलं कुठे घालायचं ते मार्करने लिहीत होती. कन्नडमध्ये, मेस्त्रीला वाचता यावं म्हणून. लिहिता लिहिता बाबांशी बोलणं चालू होतं. हॉलच्या खोक्यांवर हॉल, हिरव्या खोक्यांवर कमोड, युटिलिटीसाठी, म्हणजे कपडे धुण्याच्या मागच्या गॅलरीसाठी, घेतलेल्या साध्या फरशीवर बाल्कनी. करड्या फरशीच्या तीन खोक्यांवर काय लिहिलं ते मी पाहिलं नाही. पाहिलं असतं तरी मला चूक वाटली नसती.

मेस्त्री कोलारकडचा, पन्नाशीचा, हाताचा स्वच्छ, बोलायला कमी. बिल्डरची पांढरी फरशी निघाली, हॉल झाला, भिंती झाल्या. एका संध्याकाळी मी फ्लॅटवर पोहोचलो तेव्हा तो हात धुऊन निघत होता. म्हणाला, बाथरूमच्या जमिनीला घालायला खोका सापडत नाही, फक्त करडी फरशी थोडी उरली आहे.

मी युटिलिटीत गेलो. कपडे धुण्याच्या यंत्रासाठी सोडलेल्या तीन बाय सहा फुटांच्या त्या जागेत करड्या फरश्या बसल्या होत्या. अठरा. सांधे सरळ, ढाळ अचूक, कोपऱ्यातल्या सांडपाण्याच्या तोंडाकडे. सकाळी बसवलेल्या, आता पक्क्या. या जागेसाठीची, बाल्कनी लिहिलेली साधी फरशी त्याने पुढच्या गॅलरीत घातली होती.

"मोरी अंत बरदिद्रु, सार," मेस्त्री म्हणाला. खोक्यावर मोरी लिहिलं होतं.

कन्नडमध्ये मोरी म्हणजे गटार. सांडपाणी वाहून नेणारी नाली. त्या फ्लॅटमध्ये गटाराच्या सर्वांत जवळची जागा युटिलिटी होती. त्याने वाचलं ते बरोबर वाचलं आणि केलं तेही बरोबर केलं.

मी अक्काला फोन लावला. काय झालं ते सांगितलं.

"मीच लिहिलं," ती म्हणाली. "अण्णा मोरी मोरी म्हणत होते. मी पण तेच म्हणत होते. हात तेच लिहून गेला." मग, "वीस वर्षं कानडीत चिठ्ठ्या लिहिते, सर. एकदा चुकली न्हाई."

ती फरशी बनवणं कंपनीने बंद केलं होतं. अक्काने दोन दिवस फोन केले. आजूबाजूची दुकानं, कंपनीचा डेपो, तुमकूरला कोणाकडे तरी. कुठेच नव्हती. बसवलेल्या अठरा काढायला मेस्त्रीने एका कडेने छिन्नी लावून पाहिली. ती फरशी तीन तुकड्यांत निघाली. त्याने छिन्नी खाली ठेवली. घर सोडायला बारा दिवस उरले होते.

बाबांना सांगितलं तेव्हा ते हसले. "मेस्त्रीचं काय चुकलं? पन्नास वर्षं मी इथे राहतो. मोरी म्हणजे त्यांच्यात गटार, हे मला माहीत होतं की." मग म्हणाले, "चालेल. दुसरी कुठली तरी बघ."

चालेल म्हटल्यावरही ते जाता-येता त्या करड्या चौकोनावर पाय ठेवत राहिले. उचलून ठेव असं त्यांनी मला सांगितलं नाही. मीही उचलला नाही.

मंगळवारी दुकानाला सुट्टी असते. त्या मंगळवारी मी फ्लॅटवर असताना अकराच्या सुमाराला सोसायटीच्या गेटवरून फोन आला की कोणी बाई माल घेऊन आल्या आहेत. खाली गेलो तर मालवाहू रिक्षा उभी होती आणि अक्का चालकाच्या शेजारी बसली होती. मागे जुन्या साड्यांत गुंडाळलेलं काहीतरी दोन ढिगांत रचलेलं. तिने कोट घातला नव्हता. कोटाशिवाय ती जरा लहान वाटली.

वर आणून तिने साड्या सोडल्या. चौदा करड्या फरश्या.

"चौकटीतल्या?" मी विचारलं.

"वाळूवर बसवलेल्या होत्या. सिमेंट नव्हतं. आरामात निघाल्या."

"मालक काय म्हणाले?"

"विचारलं की. म्हणाले, घेऊन जा, चौकट तशीपण काढायचीच हाय. नवं शोरूम करणार हायेत."

"मग गिऱ्हाइकांना उभं कशावर करणार?"

"स्वल्प बाजूला व्हा, सर," ती म्हणाली. "मेस्त्रीला जागा द्या."

मेस्त्री हाताची घडी घालून दारात उभा होता. "मोरी अंद्रे मोरीने, अक्का," तो म्हणाला. मोरी म्हणजे मोरीच. वादाच्या तयारीत होता. तिने कन्नडमध्ये त्याला सांगितलं की बरोबर त्याचंच आहे, चूक तिची आहे, आता एकही फरशी तुटता कामा नये. वाद संपला. त्याने बूट काढले.

ती जमिनीवर बसली आणि मोजणी केली. उरलेल्या बारा, आणलेल्या चौदा. हव्यात अठ्ठावीस. दोन कमी.

"अण्णांकडं एक हाय," ती म्हणाली.

मी मल्लेश्वरमला जाऊन आलो. बाबांनी ती फरशी स्वतः उचलून दिली, आधी पंच्याने पुसून. "तोंडाशी घाला म्हणावं," एवढंच म्हणाले.

मी परत आलो तेव्हा तिने सगळ्या फरश्या दोन भागांत मांडल्या होत्या. चौकटीतल्या चौदांचे घाव बोथट झाले होते. कित्येक वर्षं, कित्येक हजार पाय. खोक्यातल्या बारा नव्या आणि खरखरीत. तिने प्रत्येक फरशीवर तळवा फिरवून पाहिला, दोन फरश्या या ढिगातून त्या ढिगात टाकल्या आणि मेस्त्रीला सांगितलं, नव्या तिकडे, जिथे अंगावर पाणी घेतात. झिजलेल्या इकडे, बेसिनखाली आणि कमोडपुढे. पॅसेजमध्ये चार, त्यातली अण्णांची बरोबर दारासमोर.

अजून एक कमी होती.

ती आत गेली आणि कमोड बसायच्या जागेमागे बोट ठेवलं. "इथं कुणाचा पाय येतो?" तिथे बिल्डरच्या मालातली उरलेली एक पांढरी फरशी घालायचं ठरलं.

दुपारचा तीनचा सुमार होता. मेस्त्री गुडघ्यांवर बसून एकेक फरशी टेकवत होता, रबरी हातोडीने हलके ठोकत होता आणि ती दारात बसून प्रत्येक ठोक्याला मान हलवत होती. पाच वाजता शेवटची, पांढरी, बसली. तिने कमरेला खोचलेलं फडकं काढलं आणि सांध्यांवर सांडलेलं सिमेंट पुसून घेतलं, दारापासून आतल्या कोपऱ्यापर्यंत. मी मेस्त्रीकडून करून घेतो, असं म्हणालो. तिने ते ऐकल्यासारखं दाखवलं नाही.

आम्ही ठरल्या दिवशी राहायला आलो. पहिल्या दिवशी बाबा हॉलच्या भिंतीला हात लावत निघाले. मी मागे उभा राहिलो. तसं ठरलंच होतं. पॅसेजमध्ये त्यांचा पाय त्या चौकोनावर पडला. ते थांबले. डावीकडे वळले. मग एक गोष्ट झाली, ती आमच्यापैकी कोणाच्या लक्षात आली नव्हती. जुन्या घरात मोरीला उंबरा होता, इथे नव्हता. बाबांनी सवयीने पाय वीतभर उचलला आणि नसलेला उंबरा ओलांडून आत गेले. अजूनही तसेच जातात.

महिनाभराने ती आली, पुन्हा मंगळवारीच. चप्पल बाहेर, जिन्याच्या बाजूला काढून ठेवली होती. चहा घेतला, निपाणीची आणि मिरजेची उजळणी पुन्हा झाली. मग तिने बाबांना विचारलं, "पाय काय म्हणतो, अण्णा?"

"मोरी आली, म्हणतो."

ती मोठ्याने हसली. जायच्या आधी बाथरूममध्ये डोकावली. हिरवी भिंत, दांडीचा नळ, ढाळ, सगळं पाहिलं आणि वाकून कमोडच्या मागे पाहिलं. "सगळं बेस झालंय," ती म्हणाली. "मला आपली ही पांढरीच दिसते."

त्याला आता तीन वर्षं होतील. बाबांना मोरीला जाताना अजून कोणाचा हात लागलेला नाही.

यंदा दिवाळीला बाबांनी फराळाचा एक डबा वेगळा काढायला लावला. त्या बाईंना देऊन ये, म्हणाले. फोन लागत नव्हता म्हणून मी सरळ दुकानात गेलो. काच नवी होती, पाटी नवी होती. आत माणसाहून उंच फरश्या भिंतीला टेकवून उभ्या होत्या, संगमरवरासारख्या, एकेक दरवाजाएवढी. एका पडद्यावर बाथरूम फिरत होतं, बोट लावलं की भिंती रंग बदलत. दाराजवळ जिथे चौकट होती तिथे सलग जमीन होती, खिडकीतली झाडं दिसावीत इतकी चकचकीत.

मी चप्पल काढली. पायांनीच काढली म्हणा.

टाय लावलेला एक विक्रेता धावत आला. "सर, सर, चप्पल असू द्या," तो हिंदीत म्हणाला. "इथे काढावी लागत नाही."

मी तिची चौकशी केली. तो सहा महिन्यांपूर्वी लागला होता, त्याला माहीत नव्हतं. मालकांनी आतून सांगितलं की नवं शोरूम झालं तेव्हाच ती गेली. नवऱ्याची नोकरी संपली होती, दोघं गावाकडे परत गेले. नंबर होता, तो बंद आहे. तिचं नाव काय, हे मी तेव्हा विचारलं. मालकांना आठवायला वेळ लागला. म्हणाले, रजिस्टरमध्ये असेल, आम्ही अक्काच म्हणायचो.

घरी आलो तेव्हा बाबा हॉलमध्ये बसले होते. डबा टेबलावर ठेवल्याचा आवाज त्यांनी ऐकला.

"परत आणलास?"

"गावाला गेली ती. कायमची."

त्यांनी मान हलवली. "आणि ती चौकट होती तिथे आता काय आहे?"

"काही नाही. गुळगुळीत आहे."

ते उठले आणि पॅसेजकडे निघाले. दारासमोरच्या फरशीवर त्यांचा पाय पडला. नेहमीसारखे ते लगेच वळले नाहीत. दुसरा पाय उचलून शेजारी ठेवला, अंगठा पुढे-मागे घासला, आणि दोन्ही पायांनी तिथेच उभे राहिले.